घोडीची पाठ



कीर्तनकाराच्या अंगी एक खोड असते, ती आधीच कबूल करून टाकतो. एखादा दृष्टांत एकदा सभेत रंगला, चार माणसांनी माना डोलावल्या, की तो आपल्या वतनाचा झाला असे त्याला वाटू लागते. मग आळंदीस तोच, पैठणास तोच, आणि एखाद्या वाडीवस्तीवरही तोच. पुढे पुढे तर सिद्धांतासाठी दृष्टांत आहे की दृष्टांतासाठी सिद्धांत ओढून आणला आहे, याचाही विसर पडतो. आमच्यापाशी असा एक घोड्याचा दृष्टांत होता. चाळीस वर्षे आम्ही त्यावर जेवलो म्हटले तरी चालेल. तो दृष्टांत काष्टी मुक्कामी आमच्या हातून कसा सुटला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

काष्टी हे गाव पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात आहे. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. गावाचा लौकिक म्हणजे शनिवारचा जनावरांचा बाजार. तालुक्याचे गाव श्रीगोंदे, जुने नाव चांभारगोंदे, तेथे शेख महंमद महाराजांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ त्यांचाच. योग म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणे नव्हे, ती लढाई आहे, हे ग्रंथाच्या नावातच आले. भीमा या भागातून पुढे जाऊन पंढरीस चंद्रभागा होते, म्हणजे आम्हां वारकऱ्यांच्या हिशेबी येथले पाणी आधीच वारीला निघालेले. तिला येऊन मिळणाऱ्या नदीचे नाव तर घोड नदी. शिरूर गावाला घोडनदी असेच म्हणणारी जुनी माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि घोड्याचे म्हणाल तर हा सारा भीमथडीचा मुलूख. मराठ्यांच्या फौजा ज्या ठेंगण्या, काटक, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणाऱ्या तट्टांवर हिंडल्या, ती तट्टे या थडीची. 2023 साली जे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून मान्य झाले, त्यातही या तट्टांचा मान राखलेला आहे. पुढे लष्करे गेली, टांगे आले, टांगेही गेले. मध्यंतरी ही जात धनगरांच्या बिऱ्हाडामागेच काय ती उरली होती. अलीकडे 2023-24 च्या सुमारास भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट.

असो. गेल्या मार्गशीर्षात तेथल्या एका वस्तीवर सप्ताह होता आणि शुक्रवारची रात्रीची सेवा आमच्याकडे होती. मंडप मोठा, टाळकरी उत्तम, पखवाजी तर फारच तयारीचा. मनाच्या चंचलतेवरचा अभंग निरूपणाला घेतला होता, तेव्हा घोड्याचा दृष्टांत न यावयास काय झाले? आम्ही नेहमीच्या ठेक्यात सांगितले की, मन हा घोडा आहे, विवेक हा लगाम आहे. लगाम आवळून धरा, तसूभर सैल सोडाल तर घोडा तुम्हांला खड्ड्यात नेऊन टाकील. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे माणसाला आणखी एक वाक्य बोलावेसे वाटते, आणि बहुतेक अपराध त्या आणखी एका वाक्यात घडतात. आम्ही आमच्याच घरची गोष्ट जोडली. आमच्याकडे एक मुलगा शिकावयास होता. आवाज गोड, बुद्धी तरतरीत. चार दिवस आम्ही कार्यक्रमाला बाहेरगावी गेलो, लगाम जरा सैल पडला, आणि परत येऊन पाहतो तो मुलगा पळालेला. “पाहा, लगाम सैल पडल्याचे फळ,” असे आम्ही भर सभेत म्हणालो. बायाबापड्यांनी च् च् केले.

कीर्तन आटोपून हार-नारळ झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. अंगात बंडी, डोक्याला पटका, गळ्यात माळ. त्यांनी पायांवर डोके ठेवले, आम्ही त्यांच्या पायांवर ठेवले. मग हळूच म्हणाले,

“म्हाराज, राग धरणार नसाल तर येक इचारू का?”

“विचारा बाबा.”

“तुम्ही घोड्यावर कधी बसलाय का?”

आम्ही हसलो. म्हणालो, “बसलो आहे की. आमच्या लग्नात.”

“वरातीत व्हय? वरातीत मानूस बसत न्हाई म्हाराज, त्याला बसवत्यात. दोगं धरत्यात, येक लगाम वढतो. म्या घोड्यावर म्हनतोय.”

काय उत्तर द्यावे? ते म्हणाले, “सकाळच्याला वस्तीवर चहाला या. जवळच हाय.” एवढे बोलून ते गेले.

त्या रात्री झोप आली नाही. आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झालेले. अमरकोश, लघुकौमुदी, पुढे उपनिषदे, भाष्ये. सारे मुखोद्गत करण्याचा तो काळ. अंथरुणावर पडल्या पडल्या कठोपनिषदातले रथाचे रूपक पुन्हा मनात आणले, आणि दचकून उठून बसलो. श्रुतीत मन हा घोडा नाहीच! शरीर हा रथ, आत्मा हा त्यात बसलेला धनी, बुद्धी हा सारथी, घोडे म्हणजे इंद्रिये, आणि मन? मन हा तर लगाम. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. परीक्षेत लिहून बसलो होतो. परंतु सभेत ‘मनाचा घोडा’ म्हटले की सोपे पडते, लोकांच्या बोलण्यातही तसेच आहे, म्हणून आम्ही श्रुतीतला लगाम काढला आणि त्याच्या जागी घोडा बांधला. चाळीस वर्षांत एकाही श्रोत्याने अडवले नाही. आडवा आला तो एक जुना टांगेवाला, आणि तोही उपनिषद वाचून नव्हे.

सकाळी निघालो तेव्हा धुके होते. बाजाराचा दिवस असल्यामुळे रस्त्याला टेम्पोंची रांग लागलेली, त्यांत गाई, म्हशी, शेरडे दाटीने उभी. बाजाराला निघालेल्या जनावराच्या डोळ्यांकडे फार वेळ पाहवत नाही. रस्ता सोडून उसाच्या कडेने वस्तीवर पोहोचलो. घर साधे, पुढे गोठा, त्यात पाच-सहा संकरित गाई, बाजूला घासाचा हिरवागार वाफा. आणि लिंबाखाली ती घोडी उभी होती.

बाबांनी पंचवीसएक वर्षे दौंड स्टेशनाबाहेर टांगा हाकला. रिक्षा आल्या तसे एकेकाने टांगे मोडले. यांनीही मोडला, परंतु घोड्याची सवय मोडली नाही. ही त्या मागली तिसरी घोडी. दोन रबरी चाकांच्या गाडीला जुंपून रानातला घास गोठ्यापर्यंत आणायचा, दुधाच्या किटल्या डांबरी सडकेपर्यंत न्यायच्या, एवढे तिचे काम. रंग कुमैत, उंची बेताची. छातीवर आणि पाठीच्या मधोमध साजाच्या पट्ट्याने केस झडून कातडे गुळगुळीत झाले होते, जसे आमच्या हाताला विण्याने पडलेले घट्टे. बाबा तिला ‘बाई’ म्हणत. दुसरे नाव नव्हते.

चहा झाला. आम्ही म्हटले, “खोगीर कोठे आहे?”

“खोगीर कुठलं म्हाराज? ही गाडीची घोडी. नातवंडं बसत्यात तशीच.” आणि आमच्या हाती खराऱ्याचा ब्रश देऊन म्हणाले, “आधी हात फिरवा. वळख पटू द्या.”

सज्जनहो, साठी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच आम्ही खरारा केला. मान, खांदा, बरगड्या, पुठ्ठे. थंडीत तिच्या अंगातून वाफ निघत होती. आमचा हात जोराचा पडला की तिच्या कातडीवर माशी बसल्यासारखी शिरशिरी उठे, हलका पडला की ती खालचा ओठ सोडी. अर्धा तास हे चालले असेल, आणि त्या अर्ध्या तासात द्रोणपर्वातला एक प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. जयद्रथवधाचा दिवस. सूर्य कलतो आहे, प्रतिज्ञा पुरी व्हावयाची आहे, आणि घोडे बाणांनी विंधलेले, थकलेले. तेव्हा भर रणांगणात रथ थांबवून भगवंतांनी घोडे सोडले. अर्जुनाने बाण मारून पाणी काढले, बाणांचाच आडोसा केला. आणि भगवंतांनी स्वतःच्या हाताने त्या जनावरांच्या अंगातले बाण उपसले, अंग चोळले, पाणी पाजले, लोळू दिले, चारा घातला, आणि मग पुन्हा जुंपले. हा प्रसंग आम्ही कितीदा सांगितला असेल! पण सांगताना आमचा सारा भर अर्जुनाच्या बाणावर. पाणी कसे उसळले ते हातवारे करून सांगावयाचे. भगवंतांचे खराऱ्याचे हात आम्ही एका वाक्यात उरकत असू. ज्याच्या हाती लगाम त्याच्याच हाती खरारा, ही गोष्ट ब्रश हातात येईपर्यंत आम्हांला दिसली नव्हती.

मग बसण्याची वेळ आली. आम्ही काष्टा घट्ट खोचला (काष्टीत येऊन काष्टा खोचणे चुकले नाही, असे आमचा पखवाजी म्हणालाच), गाडीच्या काठावर उभे राहिलो, आणि बाबांनी घोडी बाजूला आणताच पोत्यावर पडावे तसे तिच्या पाठीवर पडलो. उठून सरळ बसलो तर खाली खोगीर नाही, पायाला रिकीब नाही, धरावयास काही नाही. खाली एक ऊबदार, जिवंत, हलणारे असे काही. तिचा श्वास आमच्या मांड्यांना कळत होता. आणि तिला आमचा कळत असला पाहिजे, कारण तिचा एक कान मागे वळला.

येथे एक विचार असा आला की, उपनिषदातल्या रूपकात आत्मा रथात दूर बसलेला आहे. मध्ये सारथी आहे, लगाम आहे, धुरा आहे. सगळी मध्यस्थ मंडळी. उघड्या पाठीवर ही मंडळी निघून जातात. तुमचे भय आणि घोड्याचे कातडे यांत फक्त एक धोतर उरते.

बाबांनी तिला दोन पावले चालवली. आम्ही घाबरलो. घाबरलेला मनुष्य काय करतो? जे हाती-पायी सापडेल ते आवळतो. आम्ही गुडघे आवळले. ती जरा झपाट्याने चालू लागली. आम्ही अधिक आवळले आणि हातातली दोरी मागे खेचली. तिने मान झटकली आणि दुडकी धरली. बाबांच्या हातून कासरा निसटला. त्या दुडकीत आमची हाडे अशी काही वाजली की विचारू नका. तोंडाने ‘विठ्ठल विठ्ठल’ चालले होते, पण ते नामस्मरण नव्हते, ती हाकाटी होती. दहा-बारा पावलांत आम्ही डाव्या अंगाने घसरलो आणि कापून टाकलेल्या घासाच्या ढिगावर जाऊन पडलो. घासाने राखले, नाहीतर हा लेख दवाखान्यातून लिहावा लागता.

घोडी तेथेच थांबली. बाबा धावत आले, “लागलं का?” म्हणाले, आणि आमचे उत्तर ऐकण्याआधीच घोडीकडे वळून तिच्या मानेवर थोपटू लागले. खोटे कशाला बोलावे, आम्हांला राग आला. महाराज धुळीत आणि घोडीची समजूत! परंतु ते तिला काय म्हणत होते ते कानी पडले. “न्हाई गं बाई. तुझी चूक न्हाई. तुला काय ठावं.”

मग आमच्याकडे वळून ते बोलले, ते जसेच्या तसे लिहितो. “म्हाराज, पाय आवळलं म्हंजी तिला कळतंय, चल. दोरी वढली म्हंजी कळतंय, थांब. तुम्ही दोन्ही येकदमच केलं. तिनं कुनाचं ऐकायचं? गोंधळलेलं जनावर पळतंयच. ते काय तुमच्यापासनं पळत न्हाई. त्या गोंधळातनं पळतंय.”

आम्ही घासावर बसूनच राहिलो. कारण त्या क्षणी घोडी डोळ्यांपुढून गेली आणि तो मुलगा आला.

आता ती गोष्ट खरी जशी आहे तशी सांगतो, कारण सभेत सांगितली ती खरी नव्हती. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईने त्याला आमच्या ओटीत घातला. वडील नव्हते, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई. आम्ही त्याला पहाटे चारला उठवत असू. श्लोक पाठ झाला नाही तर दूध नाही. “शंका असेल ती विचार,” असे आम्हीच म्हणत असू, आणि विचारली की, “आधी पाठ कर, मग शहाणपण शिकव,” म्हणून दटावतही आम्हीच असू. कीर्तनात मोकळ्या गळ्याने गा म्हणावयाचे, आणि घरी गुणगुणला तर कान धरावयाचा. त्याला पखवाजाचे वेड होते. दोन अध्याय मुखोद्गत होईपर्यंत पखवाजाला हात लावायचा नाही, असे सांगून आम्ही पखवाज कपाटावर ठेवला. आम्ही बाहेरगावी गेलो त्या चार दिवसांत लगाम सैल पडला हे खोटे. त्या चार दिवसांत त्याला वाट मोकळी सापडली, एवढेच. लगाम तीन वर्षे आवळलेला होता. अंथरूण घडी करून ठेवले होते, पोथी कापडात बांधून ठेवली होती. गळ्यातली माळ मात्र काढून ठेवली नव्हती. ती घेऊन गेला. पुढे त्याच्या आईचा फोन आला तेव्हा आम्ही म्हणालो, “ज्याची इच्छा नाही त्याला कोण बांधणार?” आणि तीन वर्षे त्याची विचारपूस केली नाही. विचारपूस केली नाही, पण दृष्टांत केला.

बाबांना हे आम्ही सांगितले नाही. त्यांनीही काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, “पुन्हा बसायचं का?”

पुन्हा बसलो. या वेळी त्यांनी दोरी आमच्या हातातून काढूनच घेतली. म्हणाले, “आयाळ धरा. वढू नका, नुसती धरा. पाय सोडून द्या, वल्लं धोतर वाळत घातल्यावानी. नजर खाली नगं, तिच्या दोन कानांमधनं म्होरं बघा. आन् श्वास सोडा म्हाराज, मघापासनं कोंडून धरलाय.” गंमत पाहा, जन्मभर आम्ही विद्यार्थ्यांना श्वास कोठे सोडावा ते शिकवले. श्वास सोडला. सोडताच तिचेही अंग खालून सैल पडलेले कळले. ती चालू लागली. तिचे मागले पाऊल पडे तसा आमच्या कमरेचा तो तो भाग हलके वर येई. आम्ही ताठ बसलो की हिसका बसे, बसू दिले की पाळण्यासारखे झुले. घोडेस्वार ज्याला मांड म्हणतात ती ही. मांड म्हणजे चिमटा, अशी आमची समजूत होती. मांड म्हणजे वजन खाली सोडून देणे, तिच्या पाठीवर आपला भार विश्वासाने टाकणे. आणि भार टाकला की घोडीला तो पेलवतो. झेपत नाही ती आपली ओढाताण.

बाबा पुढे चालत होते, चालता चालता म्हणाले, “गाडीचं वझं मागं असतंय, त्याला मन न्हाई. मानसाचं वझं वर असतंय, आन् त्याला मन असतंय. तिला दोन्ही वढावं लागतंय.”

जुंपण्याच्या गोष्टीवरून व्याकरणाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. धातुपाठात युज् हा धातू एकाहून अधिक वेळा आला आहे. एक जोडणे, जुंपणे या अर्थाचा, आणि एक समाधीच्या अर्थाचा. योगसूत्रांवरचे भाष्यकार म्हणतात की पातंजलांचा योग तो समाधीचा, जुंपण्याचा नव्हे. आमचे गुरुजी या ठिकाणी बोट उचलून बजावीत की, दोन्हींची गल्लत करू नका. आम्ही केली नाही. पण शिकवताना समाधी सांगत राहिलो आणि मुलाला जुंपत राहिलो, ती गल्लत कोणत्या सूत्राने सुटावी?

गीतेच्या सहाव्या अध्यायातही हीच गाठ आहे. अर्जुन म्हणतो, मन चंचल आहे, बलवान आहे, वाऱ्याची मोट बांधावी तसे ते आवरणे कठीण. यावर भगवंत काय करतात? रागावत नाहीत. आधी तो म्हणतो ते खरे आहे, यात शंका नाही, असे कबूल करतात. मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. आधी कबुली, मग उपाय. चाळीस वर्षे आम्ही कबुली गाळून उपाय सांगितला. आणि अभ्यास म्हणजे तरी काय? पुन्हा पुन्हा तेथेच येऊन बसणे. पडल्यावर घासावरून उठून बसणे. त्यात चाबूक कोठे आला? वनपर्वातल्या नळाचे पाहा. बाहुकाच्या वेषात त्याने ऋतुपर्ण राजासाठी दिसायला किडकिडीत असे घोडे निवडले. राजा म्हणाला, ही कसली चेष्टा! जुंपल्यावर घोडे गुडघ्यांवर बसले. नळाने चाबूक उगारला नाही, त्यांची समजूत घातली, आणि मग रथ असा धावला की राजाचे उपरणे वाऱ्याने उडाले. ते उचलून आणावे म्हणावे तोवर मैलोगणती मागे पडले होते. अश्वविद्या म्हणून जी काय ती तेथे दिसते, ती समजूत घालण्यात.

आमच्या एका प्राध्यापक स्नेह्याला पुढे हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ग्रीस देशात झेनोफन नावाचा एक लष्करी मनुष्य झाला, त्यालाही आता सुमारे 2400 वर्षे होत आली. त्याने घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला आहे. त्या काळी रिकिबी नव्हत्याच; स्वार उघड्या पाठीवर नाहीतर नुसत्या कापडावर बसत. तोही हेच लिहितो की रागात घोड्याजवळ जाऊ नये, आणि जबरीने करून घेतलेले घोडा समजून करीत नाही. नर्तकाला फटके मारून नाचवावे तसे ते कुरूप होते. परदेशी मनुष्य, धर्म निराळा, काळ निराळा. पण त्याने खरारा केला असला पाहिजे.

वाफ्याला दोन फेरे झाले. धुके विरळ होऊन ऊन पडले होते. दूरवरून बाजाराचा गलका येत होता, लिंबावर साळुंक्या होत्या, आणि आम्ही एका घास ओढणाऱ्या घोडीच्या पाठीवर बसून कोठेही न जाता फिरत होतो. तेव्हा माउलींच्या अश्वाची आठवण झाली. आषाढी वारीत आळंदीहून पालखी निघते तेव्हा बेळगावाकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसत नाही. ती पाठ माउलींची. हैबतबाबांनी सोहळ्याची घडी बसवली तेव्हापासूनची ही परंपरा. रिंगणात तो रिकाम्या पाठीचा अश्व लाखो माणसांच्या मधून दौडतो. लगाम धरणारा कोणी दिसत नाही, टाच मारणारा कोणी नाही, तरी तो वाट सोडीत नाही. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आम्हीही दरसाल लावतो. त्या पाठीवर कोणी बसलेले दिसत नाही याचा अर्थ आम्ही आजवर ‘अदृश्य स्वार’ असा लावून मोकळे होत होतो. घोडीवर बसल्या बसल्या वाटले, ज्याचा भार घोड्याला जाचत नाही असा स्वार असेल, तर तो दिसण्याचे कारणच काय?

उतरलो. मांड्या थरथरत होत्या. बाबांनी चंदीचे भांडे आमच्या हातात दिले, म्हणाले, “तुम्हीच द्या.” तिने ओंजळीतले हरभरे ओठांनी उचलले, ओठ मऊ, मखमलीसारखे. एकही दाणा सांडला नाही.

जाताना बाबा पाया पडू लागले. आम्ही त्यांना धरले आणि म्हणालो, “बाबा, काल रात्री सभेत मी एक गोष्ट चुकीची सांगितली.”

ते म्हणाले, “म्हायती हाय म्हाराज. घोड्याची ना?”

“घोड्याचीही,” आम्ही म्हणालो.

दुपारी दौंडाला आलो. स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग होती. कोठे बाबांचा टांगा उभा राहत असेल याचा अंदाज करीत थोडा वेळ उभे राहिलो, मग फलाटावरच्या बाकावर बसून पखवाजीला म्हटले, “त्या मुलाच्या आईचा नंबर तुझ्याकडे आहे काय?” त्याच्याकडे होता. एवढेच नव्हे, तो त्या मुलाशी अधूनमधून बोलतही होता. आमच्या भीतीने सांगितले नव्हते. मुलगा आता एका दूध संकलनाच्या टेम्पोवर जातो आणि गावच्या भजनात पखवाज वाजवतो, असे कळले.

फोन लावला. आईने उचलला. आमचा आवाज ओळखून ती घाबरली, म्हणाली, “काय झालं म्हाराज? त्यानं काय केलं का?”

आम्ही म्हणालो, “त्याने काही केले नाही माउली. मला त्याच्याशी बोलावयाचे आहे.”

“आता गाडीवर हाय तो. दिवे लागायला येईल. काय निरोप सांगू?”

निरोपात काय सांगावे ते सुचेना. कपाटावर पखवाज अजून तसाच आहे, शाई वाळून गेली असेल, हे डोक्यात आले, पण ते फोनवर कसे म्हणावे? आमची गाडी फलाटाला लागत होती. पखवाजी सामान उचलू लागला. आम्ही त्याला हाताने थांबवले आणि आईला विचारले, “दौंडाहून तुमच्या गावाला एस. टी. किती वाजता आहे?”